निखिलबाबूची अर्धी भाकर

निखिलबाबू कोणतीच गोष्ट पुरी करत नसे. थंड्याची अर्धी बाटली गाडीच्या बोनेटवर, अर्धी सिगारेट झेंडूच्या कुंडीत, अर्धं बोलणं तोंडात. "काका, मी काय म्हणतो..." असं म्हणायचा आणि पुढं काही म्हणायचाच नाही. मी फाटकाची कडी हातात धरून उभा, की आता हा काय सांगतो. हा फोनमध्ये पाहत पाहत निघून जायचा. आधी मला राग यायचा. मग त्यानं "मी काय म्हणतो" म्हटलं की मी "हाओ" म्हणून मोकळा व्हायचो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण गया गेल्यापासून दुपार सरता सरत नाही, आणि माणसं मनात येऊन बसतात. त्यातला हा एक. गया म्हणजे माझी बायको. ती असती तर मी हे लिहिलं नसतं, तिच्याशीच बोललो असतो.

दिग्रसहून आर्णीकडे निघालं की रस्त्याच्या आत, कपाशीच्या वावरांमधून, एक फार्महाऊस लागतं. दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेठचं आहे. मी तिथला रखवालदार. झाडांना पाणी द्यायचं, कुत्रे हाकलायचे, फाटक उघडायचं आणि लावायचं. फाटकाजवळ एक खोली, खोलीपुढं ओटा, ओट्याच्या बाजूला चूल. तिथं मी आणि गया राहायचो. गया शेठच्याच वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. पोरगी आर्णीला दिली, ती सुखात आहे.

शेठनं फार्महाऊस बांधलं तेव्हा म्हणाले होते, म्हातारपणी इथं येऊन राहू, हवा चांगली आहे. शेठला हवा खायला कधी फुरसत मिळाली नाही. आला तो त्यांचा एकुलता एक निखिलबाबू, आणि त्याच्या मागं गाड्या. यवतमाळच्या, पुसदच्या, नागपूरच्या. कोणाचा बाप डॉक्टर, कोणाचा ठेकेदार, कोणाचा पेट्रोल पंप.

दिसायला उंच आणि वाळका, तुराटीसारखा. बुटाच्या लेस कधी बांधल्या नाहीत. चालताना त्या मागं सरपटायच्या. गया म्हणायची, "बाबू, बांध त्या, पडशील." तो म्हणायचा, "अशीच फॅशन हाय मावशी." गया म्हणायची, "पडाची कोणती फॅशन?"

पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकापाशी यायचा. डोळे सुजलेले, केस उभे. दरवेळी तोच सवाल.

"मजा आली ना काका?"

आता मला कायची मजा येणार? मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेला. पण तो मलाच नाही, सगळ्यांना विचारायचा. गाडीत बसणाऱ्या एकेकाच्या खिडकीशी वाकून, "मजा आली ना? मजा आली ना?" ते म्हणायचे, "एक नंबर भाई!" आणि काच वर करायचे. एक दिवस मी म्हटलं, "बाबू, तुले आली का?"

तो थांबला. डोकं खाजवलं. म्हणाला, "काका, मी काय म्हणतो..." आणि गेला.

त्यांच्या पार्ट्या मी पाहिल्या आहेत म्हणून सांगतो. त्यात काही जादू नाही. मोठ्या आवाजाचं गाणं लावायचं, म्हणजे कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही. पोहायचा हौद बांधलेला, पण पोहायचं कोणीच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढायचे. फोटोपुरते सगळे दात काढून हसायचे, आणि फोटो झाला की तोंडं अशी पडायची जशी घरातली लाईट गेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं भांडण झालं. मग कळलं, हे असंच असतं. केक यायचा तो तोंडाला फासायला. जेवण यायचं नागपूरहून, मोठमोठ्या डब्यांत. त्यातलं निम्मं गावातल्या कुत्र्यांनी खाल्लं. आमच्याकडची कुत्री तेव्हा शेठपेक्षा जाड झाली होती.

पण निखिलबाबू स्वतःच्या पार्टीत जेवताना कधी दिसला नाही. प्लेट हातात घेऊन फिरायचा आणि कुठंतरी ठेवून द्यायचा.

गयाच्या हे लवकर ध्यानात आलं. बायांना कळतं ते. एका दुपारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. आत गाणं चालू होतं, त्याचे दोस्त होते, आणि हा इथं बूट काढून बसलेला. गया भाकरी थापत होती.

"काय शिजून राह्यलं मावशी?"

"अंबाडीची भाजी. खातं का?"

"मले भूकच नाही लागत मावशी."

"आज नाही का कधीच नाही?"

तो हसला. म्हणाला, "आईनं नागपूरच्या डाक्टरले दाखवलं. सगळं तपासलं. पोट चांगलं हाय म्हणते. बाबा म्हणतात, तुले काय कमी हाय? मी बम विचार केला, मावशी. खरंच काही कमी नाही. तेच तर." आणि पुढचं अर्धं गिळलं.

मी तोंडाचा फाटका माणूस. म्हटलं, "कामधंदा नसला की असंच होते बाबू."

गयानं माझ्याकडं असे डोळे वटारले की मी उठून झाडांना पाणी द्यायला गेलो. मागून तिचं बोलणं ऐकू आलं, "कामाचं मंग पाहू. आधी खाऊ दे त्याले." तिनं त्याच्यापुढं ताटली ठेवली. त्यानं अर्धी भाकर खाल्ली, अर्धी ठेवली, आणि म्हणाला, "मस्त झाली." बाकी अर्धी गयानं फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि मला जवळ बोलावून सांगितलं, "पाहजा, हा पोट्टा एक दिवस माया हातची भाकर ताट पुसून खाईल."

मी म्हटलं, "शेठाचं पोट्टं हाय. तुह्या भाकरीनं काय होते?"

ती म्हणाली, "पाहजा."

त्यानंतर तो आला की ती ताटली ठेवायची. कधी मुगाची डाळ, कधी वांग्याची भाजी, कधी नुसता ठेचा आणि तेल. तो नेहमी अर्धं ठेवायचा. उरलेलं ती फडक्यात गुंडाळायची.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती. रविवार होता, आणि मला दुपारीच दिग्रसला पाठवलं होतं बर्फ आणायला. गया वावरात होती. ओटीत कापूस भरून ती बांधावर आली आणि तिला गाड्या येताना दिसल्या. गाडीतून उतरणारा एक एक जण पांढऱ्या कपड्यांत. पोट्टे पांढरे, पोरी पांढऱ्या. डोळ्यांवर काळे चष्मे. कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या माना खाली. आता आम्हाला माहीत आहे की माना फोनमध्ये होत्या, पण लांबून काय दिसणार? गयाला वाटलं, शेठकडं कोणी गेलं.

आमच्याकडं कोणाच्या घरी माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे बेसन-भाकर करून नेतात. पिठल्याला आम्ही बेसनच म्हणतो. मयताच्या घरी नेलेल्या या जेवणाला कडू घास म्हणतात. घरच्यांना बळजबरीनं दोन घास खाऊ घालायचे, इतकंच. त्यात नातं पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, मालक-नोकर पाहत नाहीत. गयानं ओटीतला कापूस खोलीत टाकला, चूल पेटवली आणि बेसन घाटलं.

मी बर्फाची पेटी घेऊन आलो तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन, टोपलं डोक्यावर ठेवून फाटकाच्या आत चालली होती. मी हाक मारली. तिनं हातानं मला गप्प केलं. मागं मागं गेलो तर काय, हौदाच्या भोवती सगळे पांढरे उभे, आणि ही सरळ निखिलबाबूजवळ गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली,

"कोण गेलं रे माया बाबू?"

गाणंवाल्यानं गाणं बंद केलं. त्याला वाटलं खरंच काही झालं. निखिलबाबू तिच्याकडं पाहत राहिला.

"कोणी नाही गेलं मावशी. पार्टी हाय. सगळ्यायनं पांढरे कपडे घालायची पार्टी."

गयानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडं.

"पार्टीत असे तोंडं करून बसतात काय रे?"

मग जो हशा झाला! पुसदच्या पेट्रोल पंपवाल्याचा पोरगा बंटी तर पोट धरून खाली बसला. "भाई, मय्यत पार्टी! मय्यत पार्टी!" करून ओरडायला लागला. एक पोरगी फोनमध्ये गयाला घ्यायला लागली. मला संताप आला. मी पुढं होऊन म्हटलं, "चाल गया, घरी चाल." पण गया अशी की तिला लाज वाटायच्या जागी हसू आलं. तीही हसायला लागली. "मेले हे, जिते असून मेल्यावाणी उभे राह्यतात, मी काय करू?"

निखिलबाबू हसला नाही. त्यानं तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवलं. हौदाच्या काठावर मांडी घालून बसला, पांढऱ्या कुडत्यात, आणि भाकर मोडली. बंटी म्हणाला, "अबे, मसणातलं जेवण खातं का?" निखिलबाबू म्हणाला, "हाओ. तू बी बस." बंटी आधी नाही नाही म्हणाला, मग बसला. ती फोनवाली पोरगी बसली. फोन बाजूला ठेवल्याशिवाय बेसन खाता येत नाही, दोन्ही हात लागतात. काय सांगू, गाणं बंद होतं आणि ते एकमेकांशी बोलत होते. कोणाची आजी भाकर कशी करायची, कोणाच्या मामाकडं चूल होती, असलंच काही. फार नाही, थोडा वेळ. मग कोणीतरी गाणं लावलं आणि पुन्हा तेच.

निखिलबाबूनं अर्धी भाकर ठेवली होती. कुडत्याच्या बाहीला बेसनाचा डाग पडला होता.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर तो फाटकाशी आला. मी आपला तयारच होतो, की आता विचारेल मजा आली का. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "काका, हे सगळे निघून गेले की माये कान वाजतात. म्हणून मी कोणाले जाऊच देत नाही." हे वाक्य मात्र त्यानं पूर्ण केलं. म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

तो सुधारला वगैरे म्हणाल तर तसं काही नाही. पार्ट्या चालूच होत्या. एकदा मी हौद रिकामा करून शेवाळ घासत होतो तर हा शिडीनं खाली उतरला, म्हणाला, "द्या तो ब्रश." मला वाटलं, चला, पोरगं कामाला लागलं. एक कोपरा घासला आणि तिथंच भिंतीला टेकून फोन पाहत बसला. मी त्याच्या भोवतीनं घासत गेलो. गया वरून पाहत होती. म्हणाली, "एक कोपरा तं घासला ना?" तिचं सगळं असंच. अर्ध्यालाही ती पूर्ण मार्क द्यायची.

पुढच्या पावसाळ्यात गया गेली. सकाळी वावरात जायला निघाली, छातीत दुखतं म्हणाली आणि ओट्यावर बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

तिला पोचवून आलो. आर्णीहून पोरगी-जावई आलेले. गावातल्या बायांनी बेसन-भाकर आणली. पोरगी म्हणाली, बाबा दोन घास खा. माझ्या घशाखाली उतरेना. मी सगळ्यांना खडसावलं. म्हटलं, मले कोणी आग्रह करू नका.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. आयुष्यभर मी उठून फाटक उघडलं, त्या दिवशी उठलो नाही. निखिलबाबूनं स्वतः उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली, आणि पुन्हा उतरून लावलं. मी पाहत होतो. कडी सुद्धा नीट लावली.

अंगात तोच पांढरा कुडता. बाहीवर डाग तसाच, धुऊन फिक्कट झालेला. हातात फडक्यानं झाकलेलं स्टीलचं भांडं. बूट काढून तो ओट्यावर माझ्यासमोर बसला, आणि फडकं काढलं.

भाकर काय होती! एकीकडून जळलेली, एकीकडून कच्ची, मधून फाटलेली. बेसनात गुठळ्या.

"हे काय आणलं?" मी म्हटलं. "भाकर हाय का नकाशा?"

"मी केली काका," तो म्हणाला. "आमची स्वयंपाकीण करून देत होती, मी म्हटलं, नाही. मावशीनं त्या दिवशी स्वतः केली होती ना."

मग म्हणाला, "त्या दिवशी आमच्याकडं कोणी गेलं नव्हतं. तरी आणली होती तिनं."

पोरगी आत तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी एक तुकडा मोडला. बेसनात बुडवला. तोंडात टाकला.

"मीठ नाही यात."

"खरंच?" त्यानं चाखून पाहिलं. "अरे हो, राह्यलंच!"

आणि आम्ही दोघं हसलो. दुःखाच्या दिवशी हसलो, हे लोकांना बरं दिसलं नसेल. न दिसो. गया असती तर सगळ्यात मोठ्यानं तीच हसली असती. पोरीनं आतून मीठ आणून दिलं. भांड्यात दोन भाकरी होत्या. मी एक अख्खी खाल्ली. त्यानं त्याची अर्धी ठेवली, आणि मी ती फडक्यात गुंडाळून ठेवली. आता ते काम माझ्याकडं आलं होतं.

पोरगी म्हणत होती, बाबा आर्णीला चला. मी नाही म्हटलं. मला चहाशिवाय काही करता येत नव्हतं, पण हा ओटा सोडून जायचं मन होईना. निखिलबाबू दर रविवारी यायला लागला. कधी दोस्त असायचे, कधी नसायचे. दोस्त असले तरी दुपारी माझ्या ओट्यावर यायचा. मी चूल पेटवायचो, तो परातीत ज्वारीचं पीठ घ्यायचा, आणि दोन अडाणी माणसं भाकर शिकायला बसायची. पाणी जास्त झालं, पीठ टाक. पीठ जास्त झालं, पाणी टाक. शेवटी परात भरून जायची.

"काका, मावशी गरम पाणी घेत होती."

"गार घेत होती."

"गरम. मी पाहिलं ना."

"माया बायकोचं मले सांगतं का तू?"

गरमच घेत होती. गरम पाण्यानं केली तेव्हा भाकर फाटायची थांबली. एक दिवस त्याची भाकर तव्यावर टम्म फुगली. हा उठून उभा राहिला, पिठाचे हात वर करून ओरडला, "ओ काका! ओ काका!" आत गाणं चालू होतं, बंटी आणि ते लोक काय झालं म्हणून पळत आले. एका भाकरीभोवती उभे. त्यातल्या एकानं फोटो काढला. त्या फोटोत निखिलबाबू हसतो आहे, आणि मी सांगतो, फोटो झाल्यावरही तो हसतच होता. मी तिथंच होतो.

मोडून सगळ्यांनी एक एक तुकडा खाल्ला. त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलाच नाही. त्या दिवशी अर्धी ठेवायचा प्रश्नच नव्हता.

कापसाचा हंगाम संपला तेव्हा कळलं, तो चालला. शेठच्या साळ्याचा सुरतेला कापडाचा धंदा आहे, तिकडं. यानं स्वतः मागून घेतलं की शेठनं धाडलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. गाडीत दोन बॅगा. मी पहाटे उठून भाकरी केल्या होत्या, ठेचा केला होता. गयाचं तेच जुनं फडकं धुऊन ठेवलं होतं, त्यात बांधून दिलं.

"रस्त्यात खाजो."

"हाओ काका."

"अर्धं फेकू नको. पाह्य, कुत्रे किती जाड झाले."

तो हसला. पाया पडला. उठताना लेस पायाखाली आली आणि खरंच अडखळला. मग वाकून दोन्ही बुटांच्या लेस बांधल्या. गाडीत बसला, काच खाली केली, आणि म्हणाला, "काका, मी काय म्हणतो..."

"हाओ," मी म्हटलं.

गाडी गेली. मी फाटक लावलं. आमच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत कच्चा रस्ता आहे, मध्ये बाभळीपाशी वळण आहे. गाडीचा आवाज तिथंच बंद झाला. मला वाटलं, पंक्चर झाली. किंवा काही विसरला. फाटक उघडून मी पायी निघालो.

बाभळीच्या सावलीत गाडी उभी होती. दार उघडं, एक पाय बाहेर मातीत. फडकं मांडीवर सोडलेलं. निखिलबाबू भाकर खात होता. अजून डांबरी रस्ता लागला नव्हता. घरून चहा-नाश्ता करून निघाला असेल ना? तरी खात होता. मोठे मोठे घास, गाल फुगलेले, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलेलं ते मनगटानं पुसत होता. फोन डॅशबोर्डवर वाजला, त्यानं पाहिलंही नाही. भाकरी संपल्या. बोटं चाटली. मग फडकं दोन्ही हातांनी धरून उलटं केलं, काही राहिलं का म्हणून पाहिलं, आणि तळहातावर पडलेला चुरा तोंडात टाकला.

मला हाक मारावीशी वाटली. पण कोणी जेवत असलं की गया मला बोलू द्यायची नाही.

मी तसाच मागं फिरलो.